रिकामें भांडें

देणारा समोर उभा असला म्हणजे त्याचे आभार मानणें फारसें कठीण नसतें. हात जोडावे, दोन शब्द बोलावे, आणि प्रसंग आल्यास आपणही त्याच्या उपयोगी पडावें, एवढें केलें कीं मनावरचें ओझें उतरतें. परंतु ज्याचें नांव, गांव, चेहरा यांपैकीं आपणांस कांहींच ठाऊक नाहीं, ज्यानें आपणांस कधीं पाहिलेलें नाहीं व पुढेंही पाहण्याचा संभव नाहीं, अशा माणसानें आपल्या घरांत रोज सकाळीं सुख आणून ठेवावें आणि त्याबद्दल एक पैसाही मागूं नये, म्हणजे मात्र मोठी पंचाईत होते. अशी देणगी कशी स्वीकारावी हें आपल्या जुन्या रीतिरिवाजांनीं आपणांस शिकविलें आहे किंवा नाहीं, या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

निनावी दाते आपल्या समाजास अगदींच अपरिचित होते असें नाहीं. नदीच्या घाटाची पायरी कोणीं बसविली, रस्त्याच्या कडेचें चिंचेचें झाड कोणीं लाविलें, हें विचारीत कोणी वाटसरू बसत नाहीं. तो पाणी पितो, सावलींत घटकाभर टेकतो आणि पुढें चालूं लागतो. पण घाट आणि झाड हीं एकदां झालीं म्हणजे बरींच वर्षें आपल्या बळावर उभीं राहतात. आज आम्ही ज्या देणगीविषयीं लिहीत आहों तिची गोष्ट निराळी आहे. ती कोणीतरी नित्य झाडूनपुसून ठेवावी लागते. कांहीं वर्षें तिच्याकडे कोणी पाहिलें नाहीं, तर ती हळूहळू निकामी होत जाते. ती देणगी म्हणजे, घरांत सांठविलेलें संगीत एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेऊन पोंचविणारें मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर.

विषय कांहींसा यांत्रिक आहे. तथापि ज्या कुटुंबांत गाण्याची आवड आहे तेथें तो परका वाटूं नये. पूर्वीं गाणें हें वस्तूला चिकटलेलें असे. तबकडी जेथें, तेथेंच गाणें. कॅसेट ज्या कपाटांत, त्या कपाटापाशीं श्रोत्यानें जावें. आतां घराच्या एका कोपऱ्यांत पत्त्यांच्या जोडाएवढा लहानसा संगणक ठेवावा, त्यांत सारा संग्रह भरावा, आणि दिवाणखान्यांत, स्वयंपाकघरांत किंवा माजघरांत ठेविलेल्या स्पीकरांस घरच्याच वाय-फायवरून तो पुरवावा, अशी सोय झाली आहे. रास्पबेरी पाय या नांवाचा असा एक संगणक २०१२ सालीं प्रथम विक्रीस आला, तेव्हांपासून तर ही गोष्ट मध्यम स्थितींतील माणसाच्याही आटोक्यांत आली. यंत्र विकत घ्यावें लागतें. परंतु संग्रहाची सूची कशी करावी, हवें तें गाणें कसें शोधावें, व तें प्रत्येक खोलींत योग्य वेळीं कसें पोंचवावें, हें त्या यंत्रास शिकविणारी जी विद्या, ती मात्र विकत घ्यावी लागत नाहीं. ती कोणीतरी लिहून ठेविली आहे, आणि ज्यास हवी त्यानें न्यावी अशी मोकळीक दिली आहे.

आमच्या घरीं ही व्यवस्था आली ती चैनीकरितां नव्हे. आमचे तीर्थरूप गाण्याचे वेडे होते. १९७६ पासून १९९३ पर्यंत गांवांत अगर आसपास जेथें बैठक होईल तेथें ते टेपरेकॉर्डर घेऊन जात, आणि यजमानांची व गवयांची अनुमति घेऊन एका बाजूस बसत. त्यांच्यामागें एकशें बारा कॅसेटी राहिल्या. प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरांत गांव, तिथि, गवई, राग आणि ताल लिहिलेला. परंतु चुंबकीय फीत अमर नसते. तिच्यावरचा लेप झडूं लागतो, एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि ती वाजविणारें यंत्रही हळूहळू बाजारांतून नाहींसें होतें. म्हणून आम्हीं दोन पावसाळे खर्चून त्या सर्व फिती संगणकांत उतरविल्या. या कामीं जें ऑडॅसिटी नांवाचें सॉफ्टवेअर आम्हीं वापरिलें तें अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९९९ सालीं सुरू झालेलें आणि २००० पासून सर्वांस मोफत मिळत आलेलें आहे. उतरविलेला आवाज ज्या रूपांत ठेविला तें फ्लॅक हें रूप जॉश कोल्सन यांनीं २००१ सालीं सर्वांकरितां खुलें केलें. आवाजाचा एक कणही न गमावतां तें जवळजवळ निम्मी जागा वाचवितें. अशा रीतीनें दीडशेंहून अधिक तासांचें गाणें नखाएवढ्या एका कार्डांत जाऊन बसलें.

या संग्रहांतील एकही बैठक कोणत्या दुकानांत मिळणार नाहीं, व दरमहा वर्गणी घेऊन गाणीं ऐकविणाऱ्या कोणत्या कंपनीच्या भांडारांतही ती सांपडणार नाहीं. गवई बहुतेक गांवोगांवचे. ज्यांचें नांव दूरवर गेलें असे नव्हेत. आमच्या मातोश्रींस मात्र त्या गाण्याइतकीच गाण्यामागची चाहूल प्रिय आहे. मध्येंच एखादी जागा साधली कीं फितीच्या अगदीं जवळून तीर्थरूपांचा 'वाः' ऐकूं येतो. आमच्याच घरीं झालेल्या एका बैठकींत विलंबित चालू असतां मागें कपबशांचा आवाज होतो. मातोश्री आतां ८६ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें माजघरांतून फारशा हलत नाहींत. त्या पलंगावर बसून ती बैठक ऐकतात, आणि तो आवाज आला कीं दर वेळीं सांगतात, "तो कपांचा आवाज आहे ना, ती मी."

ही सारी सोय जुळून आल्यावर एके दिवशीं त्यांनीं आम्हांस विचारिलें, "या सगळ्याला पडले किती रे?"

यंत्राची व स्पीकरांची किंमत आम्हीं सांगितली, आणि गाणें खोल्याखोल्यांतून नेणाऱ्या भागास कांहींच पडलें नाहीं असें म्हटलें.

"कांहीं नाहीं म्हणजे? तें आहे कुणाचं?"

"कुणा एकाचं नाहीं, आई. पुष्कळांनीं मिळून केलंय आणि सगळ्यांना देऊन टाकलंय."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तरी कुणीतरी बसून केलंच असेल ना? भांडं कुणाकडून आलं हें ठाऊक नसलं, तरी तें रिकामं परत पाठवूं नये."

वाचकांपैकीं ज्यांचें बालपण वाड्यांत किंवा चाळींत गेलें आहे त्यांस ही रीत सांगावयास नको. शेजारून वाटीभर खीर आली, तर ती वाटी नुसती धुऊन परत देत नसत. घरांत दुसरें कांहीं नसलें तर चिमूटभर साखर घालीत. त्या साखरेनें खिरीची किंमत फिटत नसे, आणि ती फिटावी अशी कोणाची अपेक्षाही नसे. आपण घेतलें याची आपणांस जाणीव आहे, आणि उद्यां आपल्याकडूनही कांहीं येईल, एवढाच तिचा अर्थ. मातोश्रींच्या बोलण्यानें आमच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो हाच कीं, या देणगीची वाटी कोणाच्या दारीं न्यावयाची, आणि तींत घालावयाचें काय?

दार शोधूं गेल्यास तेथें एक माणूस उभा नसून माणसांची लांबच लांब रांग दिसते. या प्रकारच्या सॉफ्टवेअरांत जें एक जुनें व प्रसिद्ध आहे त्याचाच इतिहास पाहावा. अमेरिकेंत शॉन ॲडम्स यांनीं २००० सालीं स्लिम डिव्हायसेस नांवाची एक लहान कंपनी काढली. संगणकांत सांठविलेलें गाणें दुसऱ्या खोलींत वाजविणारें तिचें पहिलें यंत्र २००१ सालीं निघालें, व स्क्वीझबॉक्स हें त्यापुढचें यंत्र २००३ सालीं. यंत्रें विकावयाचीं, परंतु त्यांस गाणें पुरविणारा सर्व्हर मात्र मुक्त ठेवावयाचा, असें तिचें धोरण होतें. त्यामुळें ठिकठिकाणचे हौशी लोक त्या सर्व्हरांत आपापली भर घालूं लागले. २००६ सालीं लॉजिटेक या मोठ्या कंपनीनें ती लहान कंपनी विकत घेतली, आणि २०१२ सालीं स्क्वीझबॉक्स यंत्रांची ती मालिका बंद केली. व्यापारांत अशा घडामोडी नित्याच्याच आहेत, आणि एरवीं येथें गोष्ट संपावयाची. परंतु सर्व्हर मुक्त असल्यामुळें तो त्या मालाबरोबर बुडाला नाहीं. २०२४ सालीं त्या यंत्रांस साहाय्य करणारी कंपनीची ऑनलाइन सेवाही बंद झाली. तत्पूर्वींच तिच्यावर अवलंबून असलेल्या पुष्कळ सोयी सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांनीं सर्व्हरमध्यें आणून ठेविल्या होत्या. आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नांवानें चालू आहे, आणि ज्यांचा व्यापार केव्हांच थांबला अशीं यंत्रें त्याच्या जोरावर कित्येकांच्या घरीं अजून गात आहेत.

हें शक्य झालें तें एका करारामुळें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या नांवाचा जो परवाना लिहिला, त्याची दुसरी आवृत्ति १९९१ सालीं निघाली; वरील सर्व्हर त्याच परवान्याखालीं दिलेला आहे. परवान्याचा आशय थोडक्यांत असा कीं, हें सॉफ्टवेअर कोणींही वापरावें, उघडून अभ्यासावें, बदलावें आणि दुसऱ्यास द्यावें. मात्र बदलून दुसऱ्यास देतांना आपणांस जी मोकळीक मिळाली तीच त्यासही दिली पाहिजे. इंग्रजींत 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन्ही अर्थीं एकच शब्द असल्यामुळें त्या लोकांस हा भेद पुनःपुनः समजावून सांगावा लागतो. मराठीला सुदैवानें दोन शब्द आहेत. फुकट वस्तूंत फक्त पैसे वांचतात. मुक्त वस्तूबरोबर एक कर्तव्यही घरांत येतें.

त्या निनावी लोकांनीं काय कष्ट केले आहेत याची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणें देतों. दोन खोल्यांत एकच गाणें एकाच वेळीं वाजविणें, ही गोष्ट ऐकावयास किती सोपी! परंतु प्रत्येक यंत्राच्या पोटांत स्वतःचें घड्याळ असतें, आणि कोणतींही दोन घड्याळें अगदीं सारखीं चालत नाहींत. दहा लाखांत पन्नास भागांचा जरी फरक असला, तरी तासाभराच्या बैठकीच्या अखेरीस सुमारें एक-पंचमांश सेकंदाचें अंतर पडावयाचें; म्हणजे द्रुत लयींत दिवाणखान्यांतील तबला समेवर आला असतां स्वयंपाकघरांतील अजून वाटेवरच. यावर स्नॅपकास्ट नांवाच्या मुक्त सॉफ्टवेअरांत असा उपाय योजिला आहे कीं, प्रत्येक स्पीकरपाशीं सर्व्हरच्या घड्याळाशीं सतत मेळ घालीत राहावयाचें, आणि कोणी मागेंपुढें होऊं लागल्यास ध्वनीचा एखादा नमुना गाळावयाचा अगर दोनदां वाजवावयाचा. एका सेकंदांत असे ४८,००० नमुने असतात, म्हणून एखादा गळाल्याचें कानास कळतही नाहीं. ऐकणाऱ्यास ज्याचा पत्ताही लागूं नये अशा गोष्टीकरितां कोणी किती रात्रीं जागला असेल, याचा हिशेब कोठेंही लिहिलेला नसतो.

दुसरें उदाहरण आम्हांस याहून जवळचें वाटतें. गाण्यांच्या नेहमींच्या सूचींत गाण्याचें नांव, गायक, आल्बम, रचनाकार असे ठराविक खाने असतात. आमच्या तीर्थरूपांच्या कॅसेटींवर ना आल्बम होता ना रचनाकार. होते ते राग आणि ताल. परंतु फ्लॅकच्या फाइलींत माहिती लिहिण्याची जी पद्धति आहे, ती मूळची व्हॉर्बिस या दुसऱ्या एका मुक्त ध्वनिरूपाच्या कर्त्यांनीं ठरविलेली. आणि तींत खान्यांची यादी बंद केलेली नाहीं. हवा तो खाना आपण निर्माण करावा. खान्याचें नांव तेवढें रोमन अक्षरांत लिहावें लागतें. त्यापुढील मजकूर खुशाल देवनागरींत लिहावा. त्यामुळें आमच्या संग्रहांत रागाचा खाना आहे, तालाचा आहे, आणि बैठक कोठें झाली याचाही आहे. ज्यांनीं ही पद्धति घातली त्यांस भैरव आणि तोडी यांतील भेद ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु आपणांस ठाऊक नाहीं असेंही जगांत कांहीं असेल, व त्याकरितां जागा ठेविली पाहिजे, एवढी नम्रता त्यांच्या ठायीं होती. अवचित येणाऱ्या अतिथीकरितां एक पान जास्त मांडणाऱ्या गृहिणीचीच ही वृत्ति नव्हे काय?

यावर कोणी असें म्हणेल कीं, हे लोक जें करतात तें आपल्या हौसेखातर करतात. त्यांत आपल्यावर उपकार तो कसला? या आक्षेपांत तथ्य अगदींच नाहीं असें नाहीं. एखादी युक्ति सुचून ती प्रथम यंत्राकडून वदवून घेण्यांत मोठा आनंद असतो, आणि तो आनंद हेंच त्या श्रमाचें पहिलें वेतन होय. परंतु हौस पहिल्या वर्षाची असते. पुढें आपली कांहीं चूक नसतां भोंवतालचें जग बदलत जातें. नवे राउटर येतात, नवे फोन येतात, ज्या पायावर आपण इमारत रचली तो पायाच दुसरा कोणी हलवितो. आणि सायंकाळीं नोकरीवरून घरीं आल्यावर, मुलांचा अभ्यास घ्यावयाचा सोडून, कोणा अनोळखी माणसाच्या स्पीकरमधून आवाज कां येत नाहीं याचा शोध करावा लागतो. सॉफ्टवेअर लिहिणें ही हौस असेल. तें वीस वर्षें राखणें यास हौस म्हणतां येत नाहीं. आणि खरें पाहतां, हौसेनें केलें म्हणून ऋण होत नाहीं हें म्हणणेंच आम्हांस पटत नाहीं. आमच्या तीर्थरूपांनीं तरी त्या बैठका हौसेनेंच टिपून ठेविल्या होत्या.

या राखणदारांशीं लोक कोणत्या सुरांत बोलतात तें पाहिलें म्हणजे मात्र खेद होतो. एक पैसा न देणारा मनुष्य पगारी नोकरास बोलावें तसें त्यांस बोलतो: अमुक सोय अजून कां नाहीं, अमुक दोष आठ दिवसांत कां निघाला नाहीं, होत नसेल तर दुसऱ्याच्या स्वाधीन करा! वस्तुतः परवान्यांतच स्पष्ट लिहिलेलें असतें कीं या वस्तूची कोणतीही हमी दिलेली नाहीं. पण फुकट मिळालेल्या वस्तूविषयींच मनुष्याचा हक्क अधिक बळावतो, असा विचित्र अनुभव आहे.

हा सूर केवळ असभ्य आहे असें नव्हे. तो घातकही ठरूं शकतो. याचें एक उदाहरण संगीताच्या प्रांतांतलें नाहीं, तरी त्याच धर्तीच्या निनावी सेवेंतलें आहे म्हणून सांगतों. एक्सझेड या नांवाचें, फाइली दाबून लहान करणारें मुक्त सॉफ्टवेअर जगांतील असंख्य संगणकांवर असतें. त्याची देखभाल वर्षानुवर्षें बहुतांशीं एकच गृहस्थ विनावेतन करीत होते. २०२२ च्या सुमारास कांहीं अनोळखी नांवांनीं त्यांस पत्रांमागून पत्रें येऊं लागलीं, कीं काम फार मंद चाललें आहे, दुसऱ्या कोणास अधिकार द्या. आपलें मन दीर्घकाळ अस्वस्थ आहे आणि हें आपलें बिनपैशाचें काम आहे, असें त्यांनीं उत्तर दिलें. पुढें मदतीचा हात देऊन जो विश्वासास पात्र झाला, त्यानेंच २०२४ च्या आरंभीं त्या सॉफ्टवेअरांत एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका इंजिनियराच्या लक्षांत आलें कीं दूरच्या संगणकांत शिरावयास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्यावरून त्यानें माग काढिला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं हा प्रकार उघडकीस आणिला. तीं तक्रारीचीं पत्रें त्याच कटाचा भाग असावीं असा पुष्कळांचा तर्क आहे. तसें असेल तर आम्हांस त्यांत सर्वांत शोचनीय वाटतें तें हें कीं, तीं वाचून त्या वेळीं कोणासही संशय आला नाहीं. कारण उपभोक्त्यांचा नेहमींचा सूर तोच होता. कृतघ्नपणाचा पोशाख घालून चोर दारांत आला, आणि सर्वांनीं त्यास घरचाच समजला.

असो. वाटींत काय घालावें, या प्रश्नाकडे आतां वळूं. पैसे हें उघड उत्तर आहे, आणि जेथें वर्गणी स्वीकारतात तेथें ती अवश्य द्यावी. वर्षांतून एकदां मोठी रक्कम देण्याचा संकल्प करून विसरण्यापेक्षां, दरमहा एका नाटकाच्या तिकिटाइतकी रक्कम नियमानें पाठविणें बरें. परंतु कित्येक ठिकाणीं पैशाची सोयच नसते, आणि असली तरी पैशानें सर्व भागत नाहीं. वस्तूंतील दोष दाखवावयाचा तर तो नीट पाहून, नीट लिहून दाखविणें, हीही एक साखरच आहे.

आमचाच एक अनुभव सांगतों. संग्रहांत कऱ्हाड येथील एका बैठकीची नोंद होती. परंतु 'कऱ्हाड' असें लिहून शोध केला असतां ती कांहीं केल्या सांपडेना. बरेंच चांचपल्यावर कळलें तें असें. मराठींतील हा 'ऱ' संगणकाच्या पोटांत एकाहून अधिक रीतींनीं लिहितां येतो: एका रीतीनें तो अखंड चिन्ह असतो, तर दुसऱ्या रीतीनें साधा 'र' आणि त्याखालीं बिंदु अशी जोडी असते. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. यंत्रास मात्र तीं दोन गांवें वाटतात. आम्हीं दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं मांडून, काय केलें असतां काय होतें हें क्रमवार लिहून, त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांस कळविलें. आणि शेवटीं, या संग्रहांत काय आहे व तो घरांत कोण ऐकतें, हेंही दोन ओळींत लिहिलें. चार दिवसांनीं एका अपरिचित गृहस्थांचें उत्तर आलें. हें अक्षर आपण प्रथमच पाहत आहों असें त्यांनीं लिहिलें, व आणखी दोन शंका विचारिल्या. पुढल्या आवृत्तींत शोध घेण्यापूर्वीं दोन्ही रूपें एकसारखीं करून घेण्याची तजवीज झाली, आणि कऱ्हाडची बैठक सांपडली.

ती माजघरांत सुरू झाली तेव्हां मातोश्रींनीं पहिला प्रश्न केला, "सांपडली म्हणून त्यांना कळवलंस ना?"

आम्हीं त्याच सकाळीं कळविलें होतें. पण त्यांच्या प्रश्नांत जें मर्म आहे त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. बिघडलें म्हणून हजार लोक लिहितात. सुधारलें म्हणून लिहिणारे फार थोडे. ज्यानें दुरुस्ती केली त्यास शांतता म्हणजेच समाधान असें मानून चालावें लागतें. आजाऱ्यास गुण आला हें वैद्यास कोणीं सांगूंच नये, असा हा प्रकार आहे. आपल्या सॉफ्टवेअरमुळें कोणत्या घरांत काय वाजत आहे, हें त्या लोकांस आपण सांगितल्याखेरीज कधींच कळत नाहीं. मुक्त वस्तूच्या विक्रीचा हिशेबही नसतो, कीं ज्यावरून ती कोणास हवीशी वाटली याचा अंदाज करावा.

याखेरीज आणखी एक मार्ग आहे, व तो आमच्या मतें सर्वांत श्रेष्ठ आहे. वैदिक वाङ्मयांत मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें म्हटलें आहे. त्यांपैकीं ऋषींचें जें ऋण, तें ऋषींस कांहीं देऊन फिटत नाहीं. ते आतां घ्यावयास कोठें आहेत? तें अध्ययनानें फिटतें, म्हणजे जी विद्या मिळाली ती आपण शिकून पुढें चालती ठेवावी. वर सांगितलेल्या परवान्याची अट याहून फारशी निराळी नाहीं. घेतलेंस तसें दे. ज्यानें दिलें त्यास नव्हे, तर ज्यास अजून मिळालें नाहीं त्यास. हें ध्यानांत आल्यावर आम्हीं सारी व्यवस्था कशी लावावी याची एक टांचणवही सोप्या मराठींत लिहून काढिली. तिच्या आधारें आमच्या आप्तांपैकीं दोन घरांतील जुन्या फिती संगणकांत उतरल्या. एका घरीं आजोबांचीं कीर्तनें निघालीं. दुसऱ्या घरीं एका लग्नांतील विहिणींच्या पंक्तीचीं गाणीं, जीं म्हणणाऱ्या बहुतेक स्त्रिया आज हयात नाहींत. त्या घरांस हें सॉफ्टवेअर कोणीं लिहिलें हें आमच्याइतकेंही ठाऊक नाहीं. परंतु तेथूनही ती वही कोणीतरी मागून नेल्याचें आमच्या कानांवर आलें आहे.

मातोश्रींच्या मतें भांडें ज्या घरून आलें त्याच घरीं गेलें पाहिजे; आमच्या मतें, तें घर सांपडत नसेल तर शेजारच्या घरीं गेलें तरी चालतें. या बाबतींत आमचा त्यांच्याशीं थोडा मतभेद आहे, आणि तो मिटेल असें वाटत नाहीं. मात्र तें रिकामें जाऊं नये, याविषयीं आम्हां उभयतांचें एकमत आहे.